ठसका लागतो, वास येत नाही

डोक्याला मार लागल्यावर दवाखान्यात जाऊन "काय न्हाय वो, पाय घसरला" असं जे सांगतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरानं तसंच सांगितलं आणि मी मरता मरता राहिले.

मला लिहायची सवय नाही. मी चटणी करते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या घराच्या खालच्या खोलीत कांडप मशीन आहे. उन्हाळा लागला की बायका वर्षाची मिरची आणि मसाल्याचं सामान घेऊन येतात. मी ते भाजते, कांडते आणि डबे भरून देते. धणे कधी उतरायचे, खोबरं कधी हलवायचं, दगडफूल कढईत किती ठेवायचं हे मी डोळ्यांनी बघत नाही. मशीनच्या आवाजात कुणी काय बोललेलं ऐकूही येत नाही. माझं सगळं काम नाकावर. म्हणजे होतं. ते नाक एका सकाळी रंकाळा तळ्यावर गेलं आणि ते परत येणार की नाही या भीतीत मी पुढचे कितीतरी महिने काढले.

त्या सकाळी

मी आणि माझी धाकटी जाऊ नंदा, दोघी रोज सकाळी रंकाळ्याला चालायला जायचो. दोघींना शुगर. साडी, त्यावर स्वेटर, पायात बूट, असा आमचा थाट. थंडीचे दिवस होते. चालायच्या त्या पट्ट्यावर चालणारेही तेच, पळणारेही तेच, कुत्री फिरवणारेही तेच आणि सायकलवालेही तेच. पूर्वीही सायकली असायच्या, पण त्या दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या. खडखडत यायच्या, लांबून कळायचं. आताच्या या बारीक चाकांच्या सायकली कानाशी येईपर्यंत कळत नाहीत. चालवणारा मान खाली घालून असा निघालेला असतो की पुढं माणूस आहे का म्हैस, त्याला काही देणंघेणं नाही.

नंदा तिच्या मिक्सरचं रडगाणं सांगत होती. समोरून एक आजोबा काठी टेकत आले, म्हणून त्यांना वाट द्यायला मी एक पाऊल बाजूला सरकले. मागं बघितलं नाही. चालताना कोण बघतं मागं?

कमरेत काहीतरी एवढ्या जोरात बसलं की मी गरकन फिरले आणि उताणी पडले. डोक्याचा मागचा भाग कडेच्या दगडावर आपटला. तो आवाज मी नाही ऐकला, नंदानं ऐकला. अजून सांगताना ती कानांवर हात ठेवते.

सायकलवालाही पुढं जाऊन पडला होता. त्याच्या हँडलला लावलेला मोबाईल पडल्यापडल्या एका बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी सांगत होता. त्याचा वेग आणि वेळ सांगत होता, हे मला पुढं कळलं. नंदा तोंड सोडून ओरडत होती, "ए मुडद्या! रस्ता काय तुझ्या बाचा हाय व्हय?"

तो लंगडत आला. पस्तिशीचा असेल. गुडघा फुटलेला, तोंड पांढरंफटक. "मावशी, दिसला न्हाईसा वो. शप्पत दिसला न्हाईसा. लई लागलं का?"

मी उठून बसले. केसांत हात घातला तर ओलं लागलं. मी म्हणाले, "काय न्हाय, बरी हाय मी." हे आपलं सगळ्यांचंच पहिलं वाक्य. माणूस अर्धा मेला तरी बरा हाय म्हणतो.

पावण्यात पावणं

नंदानं आमच्या ह्यांना फोन केला. ह्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. माणूस तापट, तालमीत वाढलेला. गाडीवरून उतरले ते बाह्या सरसावतच. मला वाटलं आता इथं दुसरं डोकं फुटतंय. तो सायकलवाला हात जोडून उभा राहिला आणि रडायलाच लागला. म्हणाला, "काका, मारा मला. पण पोलिसात नाव देऊ नका. फौंड्रीत नोकरी हाय, अजून परमनंट झालो न्हाय."

ह्यांनी विचारलं, "गाव कंचं?"

"मुरगूड."

"मुरगुडात कुणाचा?"

झालं! ज्यांना कोल्हापूर माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माझ्या डोक्यातून रक्त येतंय, नंदा पदरानं ते दाबून धरतेय आणि हे दोघं भावकी लावत उभे. कुणाच्या तरी आत्याच्या सासरकडून, कुणाच्या तरी साडूकडून, पावण्यात पावणं निघालं. ह्यांचा हात लगेच त्याच्या खांद्यावर. "मग हे आधी सांगायचं की, पावणं! आता घाबरू नगा. तुमचं नाव कुटं येणार न्हाय. माझा शब्द हाय." त्याचं नाव संग्राम.

जवळच्या छोट्या दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशानं पडल्या?"

हे म्हणाले, "पाय घसरला."

"जागच्या जागी?"

"व्हय, जागच्या जागी."

नंदानं माझ्याकडं बघितलं. मला चक्कर येत होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी टाके घातले, गोळ्या दिल्या आणि उलटी झाली किंवा जास्त झोप यायला लागली तर लगेच आणा, असं बजावून घरी सोडलं. त्यांची काय चूक? त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

घरी आल्यावर मी आतल्या खोलीत डोक्याला पट्टी बांधून पडले आणि बाहेर संग्रामला पोहे दिले. ऊस कारखान्याला गेला का, म्हशी किती आहेत, मला सगळं ऐकू येत होतं. मला उडवणाऱ्या माणसाचा पाहुणचार माझ्याच घरात चालला होता. तेव्हा त्याचा राग येण्याइतकीही ताकद अंगात नव्हती.

झोप

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. सकाळी उलटी झाली, ती पित्ताची म्हणून सोडून दिली. मग झोप यायला लागली. साधी झोप नव्हती ती, कुणीतरी खाली ओढत नेतंय असं वाटायचं. आमची मुलगी पूजा औषधाच्या दुकानात कामाला आहे. ती दुपारी जेवायला आली आणि मला हलवायला लागली. "आई, ए आई, डोळं उघड." मी डोळे उघडले आणि तिला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. माझी आई जाऊन बरीच वर्षं झालीत.

हे दारातूनच म्हणाले, "झोपू दे गं तिला, दमलीया."

"दमलीया? बाबा, झोप आली तर आणा म्हणून डॉक्टरनी सांगितलंय न्हवं? का इसरला?"

पूजा एवढी ओरडली की शेजारची माणसं बाहेर आली. रिक्षात मला दोन्हीकडून धरून बसवलं. प्रत्येक खड्ड्याला डोक्यात कळ जायची. सिग्नलला रिक्षा थांबली की पूजा रिक्षावाल्याला म्हणायची, "दादा, घाला की वो, घाला मधनं." आपलं काहीतरी मोठं बिघडलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मोठ्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनीही तेच विचारलं. ह्यांनीही तेच सांगितलं. पाय घसरला.

डॉक्टरबाईंनी माझी कूस बघितली. कमरेपासून मांडीपर्यंत काळंनिळं झालं होतं. त्या ह्यांच्याकडं वळल्या. "घसरून पडलेल्या माणसाला इथं असा मार बसत नाही. काय धडकलं ते सांगा. डोक्यात काय शोधायचं हे मला त्यावरून ठरवायचंय. वेळ घालवू नका."

पूजा म्हणते, ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. शब्द दिला होता ना!

शेवटी पूजाच बोलली. "सायकलनं उडवलंय, मॅडम. मागनं. जोरात." आणि तिनं तिथल्या तिथं संग्रामला फोन लावला. तो फौंड्रीतून तसाच आला, अंगावर काळा पडलेला ड्रेस. तो आला, एवढं मी त्याचं मानते, नाहीतर फोन बंद करणारे पुष्कळ. त्यानं मोबाईल काढून त्या सकाळचा वेग डॉक्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे मोपेडनं उडवल्यातच जमा." हे काल कळलं असतं तर कालच स्कॅन केला असता, घरी सोडलंच नसतं, हेही त्या बोलल्या. ह्यांनी ते ऐकलं आणि खाली बसले.

परत सांगा

स्कॅनमध्ये कवटीला मागं चीर दिसली आणि पुढच्या बाजूला, कपाळामागं, रक्त साकळलेलं दिसलं. डोकं मागं आपटलं, पण आतला मेंदू पुढं जाऊन आदळला, असं डॉक्टरांनी हातानं करून दाखवलं. रक्त वाढलं तर कवटी उघडावी लागेल. नाही वाढलं तर आपोआप जिरेल. दुसऱ्या स्कॅनपर्यंत वाट बघायची.

तशी वाट बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. अतिदक्षता विभागात मी निजलेली, डोक्याशी यंत्राचं टुक टुक. थोड्या थोड्या वेळानं सिस्टर यायची. "नाव सांगा. कुठं हायसा? माझा हात दाबा. पाय उचला." एकदा मला पेठेचं नाव आठवेना. जिभेवर होतं आणि येत नव्हतं. आता ही जाऊन सांगणार आणि मला ऑपरेशनला नेणार. मी घामानं भिजले. मग आठवलं तेव्हा एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा पेशंट जागा झाला.

त्यानंतर तिची चाहूल लागली की मी मनात सगळं घोकून ठेवायची. नाव, पेठ, मुलीचं नाव, दवाखाना. ती विचारायच्या आतच धडाधडा म्हणून टाकायची.

"अवो मावशी, मी अजून इचारलं पण न्हाय."

"मग इचार की. तयार हाय मी."

ती गडमुडशिंगीची होती, रोज एसटीनं यायची. दणकट पोरगी, बोलायला सरळ तोंडावर. माझे केस रक्तानं चिकटून दगड झाले होते. कापावे लागतील असं कुणीतरी म्हणालं तेव्हा मी रडले. जीव जातो की राहतो त्याचा पत्ता नाही आणि मी केसांसाठी रडत होते. दुपारी काम कमी झालं की ती सिस्टर यायची आणि बोटांनी तेल लावून एकेक बट सोडवायची. टाक्यांना धक्का न लावता. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

एकदा ती म्हणाली, "वास घ्या मावशी, घरचं जास्वंदीचं तेल हाय. आमच्या आईनं केलेलं." तिनं बोट माझ्या नाकाशी धरलं.

मी वास घेतला. काही आलं नाही. मला वाटलं, औषधांमुळं असेल. तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "झ्याक हाय की."

दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त वाढलेलं नव्हतं. हे काचेच्या दाराबाहेर उभे होते. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी आतल्या माझ्याकडं बघून नुसते दोन्ही हात वर केले, कुस्ती जिंकल्यासारखे. मला हसू आलं आणि हसल्यानं डोकं दुखलं.

खालची खोली

घरी आल्यावर जेवण गोड लागेना. तांबडा रस्सा दिला तरी नुसता तिखट आणि खारट, पुढं काही नाही. चहा म्हणजे गरम गोड पाणी. आजारपणात तोंडाची चव जातेच, असं सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायची. पण मनात ती सिस्टर आणि ते जास्वंदीचं तेल घोळत होतं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी जिन्याच्या कठड्याला धरून खालच्या खोलीत गेले. तिथं नुसतं दार उघडलं तरी वासाचा लोट अंगावर येतो, नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो. मी दार उघडलं. काही नाही. धुतलेल्या, रिकाम्या खोलीत गेल्यासारखं वाटलं.

लवंगेचा डबा उघडला. काही नाही. दालचिनी. दगडफूल. शेवटी हिंगाचा डबा उघडून नाक आतच घातलं. हिंग! पोस्टमनलाही गेटातून कळणारा वास. काही म्हणजे काही नाही.

तशीच मिरचीपुडीच्या पिशवीकडं गेले आणि जोरात श्वास ओढला. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंकांवर शिंका. मला एवढा आनंद झाला! म्हटलं चालतंय की नाक! खोकत खोकत हसत होते मी. मग ठसका थांबला आणि कळलं की मिरची झोंबली, पण तिचा वास आलाच नव्हता.

मी तिथंच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. दवाखान्यात मरणाची भीती वाटली होती, पण ही भीती वेगळी होती. आता मी जगणार होते आणि आयुष्यभर अशीच राहणार होते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. वासाचे बारीक धागे नाकाच्या छताला असतात, डोकं आपटलं की ते तुटतात. झोंबण्याची शीर वेगळी, ती शाबूत आहे. म्हणून ठसका लागतो, वास येत नाही.

"परत येईल?"

"येऊ शकतो. नाही येणार असंही होतं. वर्षभर वाट बघायची आणि रोज चार वास घेत राहायचे. येवो न येवो, घेत राहायचे. आणि एक लक्षात ठेवा, मधेच जळकट वास आल्यासारखं वाटेल. तो आतूनच येतो. त्यावर विश्वास ठेवायचा नाही."

पहिल्याच दिवशी लवकर स्कॅन केला असता तर वास वाचला असता का, तेही मी विचारलं. "ते सांगता येत नाही. धागे बहुतेक पडताक्षणीच तुटले असणार. पण जीव इतका टांगणीला लागला नसता."

शब्द

पोलिसांकडून एक हवालदार जबाब घ्यायला घरी आला. दवाखान्यानं कळवलं होतं. तो यायच्या आधी हे माझ्याजवळ बसले. "जरा सौम्य सांग. पोरगं चांगलं हाय. मी शब्द दिलाय."

मी जे झालं तेच सांगितलं. एक अक्षर वाढवलं नाही, एक कमी केलं नाही. हवालदार गेल्यावर हे म्हणाले, "माझा शब्द गेला."

"तुमचा शब्द गेला, माझा वास गेला. आता तुमीच सांगा, कशाचं सुतक धरायचं?"

त्यावर बोलणं बंद. आमच्या घरात भांडणं होतात, पण भांडी आपटून होतात, अशी मुकी होत नाहीत. ताट वाढून ठेवायचं, ह्यांनी खाली मान घालून जेवायचं, निघून जायचं. पूजा दोघांच्या मधे निरोप्यासारखी.

अशात एक दिवस मी स्वयंपाकघरात पावटा सोलत बसले होते. गॅसवर दूध ठेवलं होतं. ते कधी उतू गेलं आणि गॅस विझला ते मला कळलं नाही. माझं लक्ष पावट्यात. नंतर बघितलं तर शेगडी विझलेली, म्हटलं वाऱ्यानं गेली असेल. लायटर घेतला आणि हात पुढं केला.

"हात लावू नगंस!"

हे दारात होते, जेवायला आले होते. जिन्यातच त्यांना गॅसचा वास आला होता. एवढ्या जोरात ओरडले की लायटर माझ्या हातातून खाली पडला. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. आम्ही दोघं जिन्यावर बसलो. ते धापा टाकत होते. मला तर अजून वास येतच नव्हता. घर गॅसनं भरलं होतं आणि माझ्या लेखी तिथं काहीच नव्हतं.

मग ते बोलले. "त्या दिवशी मी पाय घसरला म्हणालो. तू झोपत चाललीस तरी गप बसलो. आन् आता हे. कसला माझा शब्द गं? तुझ्याम्होरं कसला आलाय शब्द?" आणि तो तालमीतला गडी माझ्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. खालून माणसं येत-जात होती, त्यांनी बघितलं, आम्ही बघू दिलं.

चादर

उन्हाळा आला. गिऱ्हाइकं आली. एकदा करून बघू म्हणून नंदाला शेजारी बसवलं. म्हटलं, मी भाजते, तू नाक हो. पण नंदाचा जीव मऊ. तिला काहीही विचारा, ती माझ्या तोंडाकडं बघून उत्तर देणार. "धणे झाले का गं?" "व्हय आक्का, झ्याक झाले." "करपले का?" "न्हाय न्हाय, कुटं करपलेत?" मला बरं वाटावं म्हणून. त्या बिचारीचा हेतू चांगला, पण चटणी कडू झाली. वर्षानुवर्षं येणारी एक बाई दोन दिवसांनी डबा घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वैनी, औंदा जरा कडवट लागतंय."

मी तिची माफी मागितली आणि मशीनवर चादर टाकली.

संग्राम त्याच सुमारास एकदा आला. उभाच राहिला. म्हणाला, "मावशी, सायकल इकून टाकतो."

माझं डोकंच फिरलं. "इकून काय करतोस? माझा वास येणाराय व्हय? चालीव की सायकल! तुला पळवायची तर पहाटचं राधानगरी रोडला जा, कोण नको म्हणतंय? पन जिथं म्हातारीकोतारी चालत्यात तिथं माणसासारखा चालीव. घंटी न्हवती तुझ्या सायकलीला?"

तो खाली बघत म्हणाला, "काढलीती. वजन वाढतंय म्हणून."

"केवढं वजन रं?"

त्यानं बोटाचं पेर दाखवलं. तो गेला तेव्हा मी त्याला बस म्हणाले नाही, की चहा विचारला नाही. आमच्यात तसं कधी कुणाला पाठवत नाहीत, पण मला जमलं नाही.

पुन्हा पट्ट्यावर

चालायचं बंद केल्यानं शुगर वाढली. पूजानं बूट आणून समोर ठेवले. पुन्हा रंकाळा. नंदा आता रस्त्याच्या बाजूनं चालायची आणि मला कडेला ठेवायची. तरी मागून बारीक करकर ऐकू आली की मी उडी मारून गवतात. कधी चिखलात. कितीदा तर सायकल नसायचीच, कुणाच्या तरी चपलेचा आवाज असायचा. नंदा म्हणायची, "आक्का, न्हाय गं कोण." मी मात्र घामाघूम व्हायची. जिथं पडले होते ती जागा आली की माझे पाय आपोआप भरभर पडायचे.

आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं मधे मधे जळकं रबर नाकात यायला लागलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी वेड्यासारखी घरभर धावले, "वास आला, वास आला!" म्हणून. कुठं काही जळत नव्हतं. त्यानंतर नाकात काहीही आलं तरी मी मनाला सांगायची, खोटं आहे हे, गप बस. रोज सकाळी चार डब्या उघडून वास घ्यायची आणि झाकणं लावून ठेवायची. वर्ष संपत चाललं होतं. तोंडानं कुणी बोलत नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांनी आशा सोडली होती. कांडप मशीन विकायला कुणी विचारलं तर नाही म्हणू नका, असं मी ह्यांना सांगूनही ठेवलं होतं.

दसरा होऊन गेला होता. ऊन चांगलं वर आलेलं. नंदा पुढं काहीतरी बोलत होती आणि माझ्या नाकात काहीतरी शिरलं. रबर नव्हे. ओलं, कुजकं, घशात उतरणारं. मी थांबले. खोटं असेल. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा आलं. दोन पावलं मागं गेले तर कमी झालं, पुढं आले तर वाढलं. आतून येणारा वास असा जागेप्रमाणं बदलेल का?

"नंदे, वास येतोय का कसला?"

"व्हय आक्का, येतोय की." तिनं नाकाला पदर लावला होता. पण नंदा काय, व्हयच म्हणणार. तिनं धणे पण झ्याक म्हटले होते. मला तिच्या शब्दावर भरवसा ठेवायची हिंमत होईना. पूजाला विचारलं असतं तरी तेच. माझ्या मायेचं माणूस नको होतं मला. मला कुणीतरी परकं हवं होतं, ज्याला माझं काही पडलेलं नाही असं.

तेवढ्यात मागून ती करकर आली. जोरात येत होती. मी गवतात गेले नाही. मागं वळले आणि पट्ट्याच्या बरोबर मधे दोन्ही हात पसरून उभी राहिले.

"थांब! थांब म्हणते न्हवं!"

नंदा किंचाळली. सायकलवाली बाई होती, हेल्मेट, काळा चष्मा. तिनं करकचून ब्रेक दाबले, मागचं चाक फिरलं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर तिनं पाय टेकला. चष्मा वर करून ती कडाडली, "काय वो मावशी? मरायचंय काय?"

"वास येतोय का तुला?"

"आं?"

"वास गं! हितं, आत्ता. येतोय का न्हाय? खरं सांग."

तिला वाटलं असणार, या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती नंदाकडं बघायला लागली, नंदा रडत होती. मग तिनं नाक वर करून हुंगलं आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"येतोय की! पाण्यावरचं सगळं केंदाळ कुजलंय कडंला, दिसंना व्हय तुमास्नी? लई घाण मारतंय वो!"

ती नाक दाबून धरून उभी राहिली. नंदानंही पदर घट्ट धरला. मी तिथंच उभी राहून पोटभर श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि ती बाई वाट मागत असताना तिला म्हणाले, "थांब गं जरा, घाई कसली हाय?"